ज्योत लहान, काच फिकी

गल्लीत त्याला सगळे ग्रहणवाला म्हणत. धंदा खरा वेल्डिंगचा. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्यांचे कठडे, टाक्यांचे पाय, जे लोखंडाचं आहे आणि जोडायचं आहे ते सगळं तो करायचा. पण वेल्डर काय, प्रत्येक शेडमध्ये चार सापडतात. सूर्यग्रहणावर तासभर बोलणारा हा एकटाच. चहाच्या टपरीवर एखादा नवा माणूस येऊन बसला की जुनी मंडळी आपापला कप उचलून हळूच बाहेर जाऊन उभी राहायची. आता काय होणार, हे त्यांना पाठ होतं.

गोष्ट त्याच्या विशीतली. तेव्हा तो हेल्पर होता आणि डोकं असं की काडी न लावता पेटायचं. संध्याकाळ झाली की गुत्ता, गुत्त्यावरून मारामारी, मारामारीवरून घर. आईने हात टेकले होते. त्या वर्षी भरदुपारी खग्रास ग्रहण लागणार म्हणून सगळ्यांनी सुट्टी मागितली, तर हेडमिस्त्री म्हणाला, "सूर्य झाकला जाणार आहे, पोटं नाही. चढा वर." पाण्याच्या उंच टाकीला कठडा बसवायचा होता. हा वर चढला, हेल्मेट तोंडावर ओढलं आणि कामाला लागला. हेल्मेटच्या आत वेल्डरला तसाही सगळा काळोखच असतो, ठिणगीपुरता उजेड. रॉड संपला तसं त्याने हेल्मेट वर केलं, तर बाहेरही काळोख. आपले डोळे गेले, असं त्याला वाटलं. मग त्याने वर पाहिलं.

काय पाहिलं ते तो तासभर सांगायचा. आपल्याला इथे तेवढा वेळ नाही. शेवट मात्र ठरलेला असे, "मी त्याला बघत नव्हतो हो. तोच मला बघत होता." त्या दिवशी टाकीवर उभं राहून तो लहान मुलासारखा रडला, आणि त्या संध्याकाळपासून गुत्त्याची पायरी चढला नाही. आता दारू ग्रहणाने सुटली की आईच्या शिव्याशापांनी, हे कोण सांगणार? पण आपल्याला आभाळाने सुधारलं असं म्हणायला माणसाला बरं वाटतं. आईने सुधारलं म्हणायला लाज वाटते.

पुढे लग्न झालं. बायको रफूचं काम करणारी होती. लॉन्ड्रीच्या मागे एक खोली, खोलीला एकच खिडकी, खिडकीखाली तिची पाठ टेकायची खुर्ची. फाटलेल्या कोटाच्या आतल्या शिवणीतून ती त्याच कापडाचे धागे काढायची आणि भोकावर एकेक उभा, एकेक आडवा असे विणत बसायची. काम झालं की गिऱ्हाईक कोट उन्हात धरून भोक शोधायचं, सापडलं नाही की म्हणायचं, "अहो बाई, तुम्ही कोटच बदललात की काय?" तिला ते ऐकायला फार आवडायचं. तोंडावर मात्र ती काही दाखवत नसे.

नव्या नवलाईत एकदा तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, त्या टपरीवर सगळ्यांना सांगता ते काय आहे? मलाही सांगा ना."

तो म्हणाला, "तुला सांगणार नाही. तुला दाखवणार."

नवं लग्न होतं. तिला ते गोड वाटलं. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि यानेही शब्द पाळला. सगळ्या जगाला सांगितलं, पण तिला सांगितलं नाही. देवाचं दर्शन काय उष्टं करून द्यायचं असतं, असं त्याचं म्हणणं.

वर्षं गेली. मुलगी झाली, मोठी झाली. मधे एकदा शुक्र सूर्यावरून सरकत जाणार अशी बातमी आली. शंभर-सव्वाशे वर्षांत जेमतेम दोनदा होणारी गोष्ट! याने शेडमध्ये आठवडाभर आधीपासून हवा केली. त्या सकाळी सगळ्यांना रांगेने हेल्मेटमधून बघायला लावलं. सूर्यावर मोहरीएवढा काळा ठिपका. ग्राइंडरवाला बघून म्हणाला, "हा? याच्याहून मोठा तीळ माझ्या पाठीवर आहे. बोलाव लोकांना." हशा पिकला. हा मात्र दिवसभर तोंड पाडून बसला. लोक हसले याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. त्यालाही काही वाटलं नव्हतं, याचं वाटलं होतं. टाकीवरचं ते पुन्हा आलं नाही. मग त्याने मनाशी ठरवलं की ते खग्रासातच येतं, आणि येईल तेव्हा बायको शेजारी असली पाहिजे.

आणि एक दिवस कळलं, खग्रास येतंय. आपल्या इथून थोडंच कापलेलं दिसणार, पण बसने चार तासांवर एक गाव आहे, तिथून पुरतं दिसणार. त्याने महिनाभर आधी तिकिटं काढली. निघायच्या आदल्या दिवशी बायकोच्या हातात एक कोट होता. कुणाच्या तरी वडिलांचा जुना कोट, कसरीने खाल्लेला; मुलाला तो घालून कुठल्याशा समारंभाला जायचं होतं.

"परवा द्यायचाय कोट," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या ना."

"कोट परवा होईल. सूर्य परवा नाही होणार."

"परवाही उगवेलच की तो."

यावर तो फुरंगटून बसला. जेवताना बोलला नाही, पाणी मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं, आणि तेही भांडं आपटून. शेवटी म्हणाला, "इतक्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं मी?"

आता इतक्या वर्षांत त्याने जे मागितलं होतं त्याची यादी केली असती तर रात्र सरली असती. पण बायका असल्या याद्या करत नाहीत, निदान तिने केली नाही. तिने कोटाची घडी घातली, त्यावर फडकं टाकलं आणि म्हणाली, "चला. येते."

त्या गावात पोचले तर शाळेच्या मैदानावर ही गर्दी. लोक कागदी चष्मे विकत होते, वाटतही होते. एका बाईने यांच्यापुढे दोन चष्मे धरले. ग्रहणवाला हसला. "आमच्याकडे आमचं सामान आहे, ताई. जन्म गेलाय आगीकडे बघण्यात." त्याच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक वेल्डिंगचं हेल्मेट, गडद काचेचं. दुसरा गॅस कटिंगचा गोल चष्मा, फिक्या हिरव्या काचेचा.

आधी दोघांनी आळीपाळीने हेल्मेटमधून पाहिलं. सूर्याचा एक लचका तोडल्यासारखा दिसत होता. ती म्हणाली, "अय्या, खरंच की." तो सुखावला. मग लचका मोठा होत गेला, उन्हाचा रंग पालटला, हवा थंड पडू लागली, आणि त्याला हेल्मेट हातचं सोडवेना. एक क्षणसुद्धा चुकायला नको. गडद काचेतून आता कोर फार बारीक, मंद दिसत होती, हे त्याच्या लक्षात आलं. शेडमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, काच ज्योतीप्रमाणे घ्यायची. ज्योत मोठी, काच गडद. ज्योत लहान, काच फिकी. बारीक ज्योतीला गडद काच लावाल तर काही दिसणार नाही आणि जोड वाकडा जाईल. त्याच्या हाताला तीस वर्षांची ती सवय होती. सूर्य आता नखाएवढा उरला होता. त्याने विचारही केला नाही. गॅसचा चष्मा काढून बायकोच्या डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा स्वतःच्या हाताने नीट बसवला.

"आता सोडू नकोस," तो म्हणाला. "बघत राहा. मनात काही येईपर्यंत बघत राहा."

ती बघत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "अहो, डोळ्यांतून पाणी येतंय."

"येऊ दे. मलाही आलं होतं."

तिचं पाणी त्याने भक्तीचं मानलं. त्याचा ऊर भरून आला. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो हेल्मेटमधून वर बघू लागला आणि मग एकदम काळोख झाला, मैदानावर एकच हाकाटी उठली. त्याने हेल्मेट फेकून दिलं. या खेपेला आलं. टाकीवर आलं होतं तेच, तसंच. तो हुंदके देत उभा राहिला. दोन-अडीच मिनिटांनी उजेड परत आला तेव्हा त्याने तिच्याकडे वळून विचारलं, "दिसलं? दिसलं ना?"

"हो," ती म्हणाली. "दिसलं."

परतीच्या बसमध्ये तो सगळा रस्ता बोलत होता. त्या चार तासांइतका सुखी तो आयुष्यात कधी झाला नव्हता. ती डोळे मिटून, खिडकीला डोकं टेकून बसली होती. त्याला वाटलं, तिचं मन निवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीखाली कोट घेऊन बसली. बराच वेळ काही आवाज नाही. मग तिने हाक मारली. "अहो, जरा या. सुईचं टोक दिसत नाही." त्याने सुई पाहिली. चांगली होती. "सुई दिसते," ती म्हणाली. "बाजूला बघितलं की दिसते. तिच्याकडेच बघायला गेलं की जाते."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं, बाटलीतलं औषध घातलं, खूप वेळ तपासलं. मग म्हणाले, "दोन्ही पडदे मधोमध भाजलेत. पडद्याला दुखत नाही, म्हणून त्या वेळी कळत नाही." त्यांनी विचारलं, कशातून पाहिलंत? ग्रहणवाल्याने सांगितलं. काच का बदलली तेही सांगितलं, ज्योत लहान झाली म्हणून.

"अहो, ज्योत लहान झालीच नव्हती," डॉक्टर म्हणाले. "आडोसा मोठा झाला होता. जेवढा सूर्य उरतो तेवढा पहिल्याइतकाच जाळतो."

काहींचं सुधारतं, असंही ते म्हणाले. सहा महिने वाट पाहू. तिचं थोडं सुधारलं, रफूपुरतं नाही. कोट तिने तसाच अपुरा परत केला. गिऱ्हाईक भला माणूस, काही बोलला नाही. त्याने कोट जिथे तिथे उलटून पाहिला, ग्रहणाआधी तिने चार धागे भरले होते ती जागा त्याला सापडली नाही.

ग्रहणवाला त्या दिवसांत वेड्यासारखा करायचा. ओवलेल्या सुयांची रांग लावून ठेवायचा. मोठं भिंग आणलं, दिवा आणला, दिव्याला वाकवता येईल असा लोखंडी दांडा स्वतः जोडून दिला. ती बिचारी त्याच्या समाधानासाठी भिंगाखाली हात नेऊन बसायची. भिंगातून काय, मधलं जे दिसत नव्हतं ते आणखी मोठं होऊन दिसायचं नाही. एक दिवस तिनेच सगळं उचलून माळ्यावर टाकलं आणि पुढे लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहिली. "सुरकुती हाताला कळते," ती म्हणाली. "तिला डोळे लागत नाहीत." रफूतून जे मिळायचं त्याच्या पाव हिस्साही मिळत नव्हतं, पण तिचं दुखणं ते नव्हतं. कोट उन्हात धरून भोक शोधणारं गिऱ्हाईक आता येणार नव्हतं.

मुलगी सासरहून आली ती थेट बापासमोर उभी राहिली. "बाबा, आईला एकदा तरी विचारलंत का, तुला बघायचंय का म्हणून?"

त्याने खाली मान घातली. आई आतून म्हणाली, "जाऊ दे गं. ते काय मुद्दाम केलं त्यांनी? आणि मला त्यांचे कान दिसतात चांगले. तोंडाकडे बघितलं की तोंड जातं, कान राहतात. तसे कानच बरे आहेत." मुलीला हसू आवरेना आणि रडूही. त्याला दोन्ही जमलं नाही.

टपरीवर तो जायचा, चहा प्यायचा, उठायचा. नवा माणूस येऊन बसला तरी तोंड उघडेना. ज्या जुन्या मंडळींनी वर्षानुवर्षं ती गोष्ट चुकवली तीच आता म्हणू लागली, "अरे, सांग की एकदा." तो मान हलवायचा. आत एक गोष्ट त्याला कुरतडत होती. टाकीवर वरच्याने आपल्याला पाहिलं असं तो आयुष्यभर म्हणत आला. मग मैदानावर वरच्याने काय केलं? ती नजर त्याची, तर हा डागही त्याचाच. आणि हा डाग म्हणजे नुसता एका आडमुठ्या वेल्डरचा गाढवपणा असेल, तर टाकीवर तरी काय होतं? नुसती सावली? कुठूनही धरलं तरी हात पोळत होता. देवाला जाब विचारावा इतका तो निर्लज्ज नव्हता. चष्म्याचा पट्टा कुणी बसवला होता, हे त्याच्या बोटांना आठवत होतं.

एक गोष्ट मात्र त्याने तिला कधी विचारली नाही. त्या मैदानावर, त्या काळोखात, तिला काय दिसलं? मनातल्या मनात तो एवढ्याच एका आशेवर उभा होता, की डोळे गेले खरे, पण जाताना त्यांनी ते पाहिलं. सौदा महागात पडला, पण रिकाम्या हाताने परत आलो नाही. विचारलं आणि तिने सांगितलं की मला काहीच वाटलं नाही, तर? म्हणून तो विचारतच नव्हता.

मग काही वर्षांनी पुन्हा ग्रहण आलं. अर्धवटच, पण घरबसल्या दिसणारं. दुपारी सगळी गल्ली कागदी चष्मे लावून रस्त्यात उभी होती. ग्रहणवाल्याने दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि खोलीत बसून राहिला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर ताकाच्या गल्लीतही जायला तयार नव्हता. बायको लॉन्ड्रीतून जेवायला आली होती. पडद्याला एक बारीक भोक होतं. एकेकाळी तिने ते असं भरलं असतं की कुणाला सापडलं नसतं. त्या भोकातून जमिनीवर उजेडाचा एक ठिपका पडला होता, आणि त्या ठिपक्याचा एक लचका तुटलेला होता. त्याने त्यावर चप्पल ठेवली. ठिपका चपलेवर आला.

बाहेर कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!" तिने कान टवकारले. "लागलं वाटतं," ती म्हणाली. "जा ना तुम्ही. माझ्यासाठी कशाला कोंडून घेता?"

त्याला राहवलं नाही. "एक विचारू? त्या दिवशी काळोख झाला, तेव्हा तुला काय दिसलं?"

ती म्हणाली, "खरं सांगू? काही नाही. डोळे इतके चुरचुरत होते, मी मिटूनच घेतले होते. लोक ओरडले तेव्हा कळलं, झालं म्हणून."

"पण तू हो म्हणालीस."

"तुम्ही लहान मुलासारखे रडत होतात. इतके खूश. नाही कशी म्हणणार?"

तो भिंतीला टेकला. तेवढा एकच टेकू होता, तोही गेला. त्याला बोलायचं होतं, चुकलो म्हणायचं होतं, हजारदा म्हणून झालं होतं तेच. पण तीच पुढे बोलली, आणि आवाजात कुठे राग नव्हता. "तुम्ही साऱ्या जगाला सांगितलंत. मलाच तेवढं नाही. मी तुम्हाला दाखवा कुठे म्हटलं होतं? सांगा म्हटलं होतं. मला ऐकूनच भागलं असतं हो."

बाहेर गल्लीत लोक एकमेकांना चष्मे देत होते, त्यांचे आवाज येत होते. ती त्याच्या जरा बाजूला बघत होती. त्याच्याकडे बघायचं असलं की ती आता तसंच बघायची.

"आता सांगा," ती म्हणाली. "आहे मी."

त्याने सांगायला घेतलं. टपरीवर सांगायचा तसं नाही. अडखळत, घाबरत, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. टाकी सांगितली. हेडमिस्त्री सांगितला, त्यावर ती हसली. हेल्मेट वर केलं तरी काळोख, ते सांगितलं. "मग मी वर पाहिलं," तो म्हणाला. "जिथे सूर्य असायचा तिथे मधोमध एक काळा गोल. नुसता काळा नाही, तिथलं काहीतरी काढूनच घेतल्यासारखं. आणि त्याच्या कडेने मात्र उजेड, चारी बाजूंनी. कडेचं सगळं दिसत होतं, मधे..."

"असं होय," ती म्हणाली. "मग ते मला रोजच दिसतं की."

ती सहज म्हणाली होती. टोचावं म्हणून नाही. ती वाट बघत राहिली, आणि जरा वेळाने म्हणाली, "पुढे? पुढे काय झालं?"

त्याला पुढे सांगता आलं नाही.